क्रेनची तपासणी दिवाळीच्या चार दिवसांत मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी जवळ आली की सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर अशा सगळ्या औद्योगिक वसाहतींत ओव्हरहेड क्रेनची एकच धांदल उडते. वर्षभर उत्पादन विभाग ज्या क्रेनला हात लावू देत नाही, ती या चार-पाच दिवसांत कशीबशी मोकळी होते. मग वायर रोप बदलणे, गिअरबॉक्सचे तेल, ब्रेकचे लायनिंग, रंगरंगोटी आणि वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र, सारे तेवढ्यातच उरकायचे असते. प्रमाणपत्र देणाऱ्या सक्षम व्यक्तीलाही त्याच दिवसांत दहा ठिकाणांहून बोलावणे असते. यात रोप, हूक, ब्रेक, लिमिट स्विच निदान पाहिले तरी जातात. राहतो तो क्रेनचा सांगाडा, म्हणजे गर्डर (शेडच्या आरपार जाणारी तुळई), तिच्या दोन्ही टोकांची चाके बसवलेली एंड कॅरेज, गर्डरवरून होइस्ट (उचलण्याचे यंत्र) वाहून नेणाऱ्या ट्रॉलीची फ्रेम आणि ज्यावर क्रेन धावते ती गँट्री. त्याची तपासणी बहुतेक वेळा जमिनीवर उभे राहून, मान वर करून होते. बारा मीटर उंचीवरच्या वेल्डमधला केसाएवढा तडा खालून दिसत नसतो. म्हणून या पत्रात फक्त सांगाड्याबद्दल, आणि त्यातही तपासणी आखायची कशी याबद्दल लिहीत आहोत.

बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी ही रीत १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या २९व्या कलमाने आपल्याकडे रुजवली. 'किमान' हा शब्द कारखान्यांत सहसा 'कमाल' म्हणून वाचला जातो. त्याच कलमात सखोल तपासणी कशाला म्हणायचे तेही दिले होते: डोळ्यांनी पाहणे, गरज पडल्यास इतर साधने वापरणे, गरज पडल्यास भाग सुटे करणे, आणि सुरक्षिततेबद्दल भरवशाचा निष्कर्ष निघेल इतक्या काळजीने हे सगळे करणे. खालून टॉर्च मारून असा निष्कर्ष निघत नाही, मग प्रमाणपत्रावर शिक्का कितीही ठळक असो.

वर्षातून एकदा हे सगळ्या क्रेनना सारखेच का पुरत नाही, ते आकड्यांत पाहू. समजा प्रेस शॉपमधली एक क्रेन तासाला ८ उचली करते, दोन पाळ्यांत मिळून १४ तास चालते आणि वर्षाचे ३०० दिवस. झाल्या ३३,६०० उचली. क्रेनच्या वापराचा यू-५ वर्ग म्हणजे आयुष्यभरात अडीच ते पाच लाख उचली. त्या वर्गाची क्रेन या वेगाने पंधराव्या वर्षी हिशेबातले आयुष्य संपवते. शेजारच्या मेंटेनन्स बेमधली तशीच क्रेन दिवसाला चार उचली करत असेल तर तिची वर्षाला १,२०० होतात, आणि चारशे वर्षांतही ती तिथे पोहोचणार नाही. दोघींच्या प्रमाणपत्रावर मात्र पुढची तारीख एकच. उत्पादन दुप्पट झाले, तिसरी पाळी सुरू झाली, जुन्या १० टनी क्रेनखाली नवी जड डाय (प्रेसचा साचा) आली, तरी तपासणीचे वेळापत्रक तिथेच राहते.

ओझ्याचाही हिशेब सरळ नाही. वेल्ड केलेल्या जोडाचे थकव्याचे आयुष्य, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून तडा जाण्याआधी तो किती उचली सोसतो ते, साधारणपणे ताणाच्या चढउताराच्या घनाने घटते. म्हणजे ताण दुप्पट झाला तर एका उचलीने होणारी झीज आठपट. पूर्ण क्षमतेची एक उचल ही निम्म्या ओझ्याच्या आठ उचलींच्या बरोबरीची. (प्रत्यक्षात ट्रॉली आणि हूक ब्लॉकचे वजनही गर्डरवरून सरकत असते, त्यामुळे प्रमाण इतके स्वच्छ येत नाही, पण अंदाजाला चालते.) 'सव्वा टन जास्त आहे, एकदाच उचलायचे आहे' असे म्हणत पाच टनी क्रेनला सव्वासहा टन लावले तर त्या एका उचलीची झीज जवळपास दोन पूर्ण उचलींची. एकदाच असेल तर ठीक. रोज सकाळी तेच एकदाच होत असते, हा त्रास आहे.

तेव्हा आखणीची सुरुवात कॅलेंडरपासून करू नये, क्रेनच्या कामापासून करावी. प्रत्येक क्रेनची एक पाटी हवी: क्षमता, स्पॅन (दोन्ही बाजूंच्या रुळांमधले अंतर), ड्युटी वर्ग म्हणजे कामाच्या ताणाचा वर्ग, बसवल्याचे वर्ष, गँट्रीच्या खांबांमधले अंतर, रोजच्या उचलींचा अंदाज, त्यातल्या जवळजवळ पूर्ण ओझ्याच्या किती, आणि यापूर्वी कुठे वेल्ड दुरुस्ती झाली. होइस्टच्या काँटॅक्टरला (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचला) तास मोजणारा मीटर लावला की अर्धा अंदाज मिटतो. ओझे मोजणारा लोड सेल असेल तर त्याची नोंद महिन्यातून एकदा काढून ठेवावी. ती बहुधा कोणी काढतच नाही, मेमरी भरते आणि जुने पुसले जाते.

या पाट्या समोर मांडल्या की क्रेनचे तीन गट आपोआप पडतात. वितळलेला धातू वाहणारी लॅडल क्रेन, डाय बदलणारी क्रेन आणि दोन-तीन पाळ्या चालणारी लोडिंग बेची क्रेन पहिल्या गटात. यांचा सांगाडा आमच्या मते दर तीन महिन्यांनी वर चढून पाहावा आणि वर्षातून एकदा निवडक वेल्डची चाचणी करावी. एका पाळीत मध्यम काम करणाऱ्या क्रेन दुसऱ्या गटात, त्यांना सहामाही पाहणी आणि दोन वर्षांनी चाचणी. क्वचित हलणाऱ्या तिसऱ्या गटात, त्यांना वार्षिक पुरते. गट दर वर्षी नव्याने ठरवावा. आणि काही प्रसंग वेळापत्रकाच्या बाहेरचे असतात: क्रेन बफरवर जोरात आदळली, दोन क्रेन एकमेकींवर गेल्या, चाक रुळावरून उतरले, रोप तुटून ओझे पडले, शेडमध्ये आग लागली. यानंतर सांगाडा पाहिल्याशिवाय क्रेन चालू करू नये. इथे 'दुपारच्या डिस्पॅचपुरती चालवू' हे चालत नाही.

आता पाहायचे कुठे. दोन गर्डरच्या, २० मीटर स्पॅनच्या क्रेनमध्ये वेब (उभी पट्टी) आणि फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) जोडणारा वेल्डच पेटीसारख्या प्रत्येक गर्डरला, म्हणजे बॉक्सला, चार ओळींत, म्हणजे दोन गर्डर मिळून १६० मीटर. तो सगळा तपासायला गेले तर आठवडा जाईल, आणि बराचसा व्यर्थ जाईल. तडे ठरलेल्या जागीच उगवतात. पहिली जागा गर्डर एंड कॅरेजवर बसतो तो जोड. क्रेन तिरकी धावली, अचानक ब्रेक लागला की आडवा धक्का या जोडातून जातो. इथे बोल्ट असतील तर ते ढिले होतात, वेल्ड असेल तर त्याच्या टोकाशी तडा सुरू होतो. दुसरी जागा एंड कॅरेजचीच: चाकाची बेअरिंग हाउसिंग बसवण्यासाठी जिथे पोलादाचा कोपरा कापलेला असतो. तो कोपरा गोलाई न ठेवता काटकोनात कापला असेल तर तडा कुठून निघणार हे ड्रॉइंग पाहूनच सांगता येते. तिसरी जागा ट्रॉलीच्या रुळाखालचा, वरच्या फ्लँज आणि वेबमधला वेल्ड, आणि बॉक्सच्या आतल्या आडव्या पट्ट्या म्हणजे डायाफ्राम जिथे वरच्या फ्लँजला टेकतात तो भाग. चाक प्रत्येक फेरीत तिथून जाते आणि फ्लँजला दाबून वाकवते. चौथी जागा लांब गर्डर दोन तुकड्यांत आणून जोडलेला असेल तर खालच्या फ्लँजचा जोड, कारण सर्वांत जास्त ओढ तिथे असते.

पाचव्या जागेबद्दल जरा रागानेच लिहावे लागते. गर्डरच्या खालच्या फ्लँजच्या मध्यावर, ऐन ओढीच्या भागात, कोणीतरी हॅलोजनचा दिवा, केबलचा क्लँप किंवा पंख्याचा अँगल वेल्ड करून टाकलेला असतो. दोन इंचांचा तो टाका गर्डरची थकवा सोसण्याची ताकद तेवढ्या जागी भलतीच खाली आणतो. दिवा पुढे काढला जातो, टाक्याचा खरबरीत ठिपका तसाच राहतो. तपासणीत अशी प्रत्येक जागा शोधून, टाका ग्राइंडरने पृष्ठभागाशी सपाट घासून, तिथे चाचणी करावी. पुढच्या वेळी क्लँप बोल्टने फ्लँजच्या कडेला आवळावा, भोकही पाडू नये.

एकाच गर्डरची, खाली लोंबणाऱ्या होइस्टची छोटी क्रेन असेल तर तिथे पाहायचे वेगळे. होइस्टची चाके आय-बीमच्या खालच्या फ्लँजवर चालतात. फ्लँजच्या कडा खाली वाकतात, चाकाच्या वाटेवर चर पडते. व्हर्नियरने कडेची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजावी आणि चाक जिथे कधीच जात नाही त्या टोकाच्या जाडीशी ताडून पाहावी. सिन्नरच्या मुसळगावकडच्या लहान शेडमध्ये अशाच क्रेन जास्त, आणि त्यांच्याकडेच दुर्लक्ष जास्त.

आता गँट्री. क्रेन कारखान्याची, गँट्री शेड बांधणाऱ्याची, म्हणून गँट्री कोणाच्याच यादीत येत नाही. तीही सांगाड्याचाच भाग आहे. खांबांमधले अंतर ६ मीटर असेल तर विजेवर चालणाऱ्या ५० टनांपर्यंतच्या क्रेनसाठी आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातल्या, अंतराच्या १/७५० या मर्यादेप्रमाणे गँट्री गर्डरने ८ मिमीपेक्षा जास्त झोळ देऊ नये, म्हणजे ओझ्याखाली तेवढ्याहून जास्त वाकू नये. क्रेन प्रत्येक वेळी वरून गेली की गर्डरचे टोक खांबावर किंचित फिरते. ते फिरू द्यावे लागते. पण शेड उभी करताना काही जण टोकाचा वेब खांबाला घट्ट वेल्ड करून टाकतात. मग ते फिरणे त्या वेल्डमध्ये कोंडते आणि काही वर्षांत तो फाटतो. खांबाच्या बाजूला गर्डरला आडवा आधार देणारी सर्ज प्लेट, तिचे बोल्ट, खांबाचा ब्रॅकेट, त्यावरचे शिम (पातळीसाठी घातलेल्या पातळ पट्ट्या) आणि पॅकिंग, हे सगळे हातभर अंतरावरून पाहावे. रूळ वेबच्या बरोबर वर असायला हवा. वेबच्या जाडीच्या पाऊण पटीपेक्षा तो एका बाजूला सरकला की वरच्या वेल्डला पिळ बसतो. १२ मिमी वेबला ही सूट अवघी ९ मिमी. रुळाचे क्लिप ढिले पडले की ही सूट कधी संपली ते कळतही नाही.

गँट्रीची तक्रार बहुधा चाक सांगते. चाकाच्या फ्लँजची एकच बाजू चकचकीत झिजली असेल आणि रुळाखाली चंदेरी भुगा साचलेला असेल, तर चाक दोषी नाही, रूळ दोषी आहे. नवी चाके घालून वर्षभर निभावते आणि पुन्हा तेच. आपल्याकडे काळ्या मातीवर उभ्या शेडमध्ये पावसाळ्यानंतर एखादा खांब थोडा खचतो, तेव्हा रुळाची पातळी आणि गेज (दोन रुळांमधले अंतर) दोन्ही बिघडतात. म्हणून लेव्हल घेऊन रुळाची मापे पावसाळा संपल्यावर काढावीत आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा. दोन मापांतला फरकच काय तो बोलतो, एकट्या मापाला फारसा अर्थ नाही. पाऊस जास्त असणाऱ्या गोंदे-वाडीवऱ्हे भागात पन्हळीखालच्या गँट्रीवर गंजही वेगळा पाहावा. प्लेटिंग किंवा पिकलिंगची (आम्लाने धातू धुण्याची) वाफ जिथे वर चढते तिथेही. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने ८ मिमी वेब ७ मिमी निघाला तर आठवा हिस्सा गेला, आणि ते रंगाच्या थराखाली कोणालाच दिसले नव्हते.

आता प्रत्यक्ष पाहणीचा दिवस. अर्धा यशापयशाचा प्रश्न आदल्या दिवशीच सुटतो. फाउंड्रीत गर्डरवर वाळूचा, फोर्ज शॉपमध्ये पपडीचा आणि सगळीकडे ग्रीसमिश्रित धुळीचा थर असतो. तो आदल्या पाळीत झाडून, खरवडून, कापडाने पुसून काढायचा. हे काम तपासणीसावर सोडले तर त्याचा दिवस झाडू मारण्यातच जातो.

सकाळी पहिले काम वीज तोडण्याचे. क्रेनचा आयसोलेटर बंद, त्याला कुलूप आणि टॅग, किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात. क्रेनला वीज देणाऱ्या उघड्या पट्ट्या, ज्यांना शॉपमध्ये डीएसएल म्हणतात, त्या आयसोलेटरनंतरही जिवंत असू शकतात. त्यांचा मेन वेगळा बंद करून टेस्टरने पाहावे. त्याच बेमध्ये दुसरी क्रेन असेल तर तिच्या आणि आपल्या मध्ये रुळावर क्लँपचे तात्पुरते स्टॉपर आवळायचे, लाल झेंडा आणि दिवा लावायचा, तिच्या ऑपरेटरला आणि पाळीच्या सुपरवायझरला लेखी कळवायचे. कारखाने अधिनियमाच्या त्याच २९व्या कलमाने धावणाऱ्या क्रेनच्या वाटेवर काम करणाऱ्यापासून तिला ६ मीटर दूर ठेवायला सांगितले होते. एका खांबाच्या दोन बाजूंना दोन बे असतील तर पलीकडच्या बेची क्रेनही यात धरावी, हे फार जण विसरतात. खाली बॅरिकेड. वर चढणाऱ्याला फुल बॉडी हार्नेस, त्याची दोरी बांधण्यासाठी आधीच ताणलेली लाइफलाइन. चढायला बूम लिफ्ट सगळ्यांत चांगली. फोर्कलिफ्टवर पॅलेट ठेवून त्यावर माणूस चढवणे हा प्रकार अजून दिसतो, तो बंद व्हायला हवा.

वर गेल्यावर आधी नुसते डोळे. टॉर्च सरळ मारू नये, पृष्ठभागाला लागून तिरकी मारावी. भेगेची सावली तेव्हाच पडते. आरसा, पाचपट भिंग, खडू आणि वायर ब्रश एवढे खिशात हवे. रंगावर वेल्डच्या कडेने चहाच्या डागासारखी तांबूस रेघ उतरलेली दिसली, तर जागा पक्की करावी. तड्याच्या दोन बाजू एकमेकींवर घासून निघालेली ती लोखंडाची पूड असते आणि दमट हवेत ती गंजून खाली ओघळते. नुसता रंग फुटला असेल तर रेघ कोरडी आणि तिच्या कडा उचललेल्या असतात. तरीही दोन्ही बाजूंना ५० मिमी रंग काढून पाहावे, अंदाजाने सोडू नये. रंग काढायला वायर ब्रश किंवा केमिकल वापरावे. ग्राइंडर फिरवला तर पोलाद पसरून भेगेचे तोंडच बुजते.

मग डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंगीत द्रव. पेनिट्रंट मारून १० ते २० मिनिटे थांबायचे. डागाळलेला भाग कापडाला क्लीनर लावून पुसायचा, क्लीनर थेट वेल्डवर फवारायचा नाही, कारण भेगेत शिरलेला रंगही त्याबरोबर धुतला जातो. मग भेगेतला रंग बाहेर ओढणारी पांढरी पूड, म्हणजे डेव्हलपर, आणि त्यानंतर आणखी १० मिनिटे. ही पद्धत पोलाद साधारण १० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना नीट चालते. जानेवारीत पहाटे इथले पोलाद त्याहून गार असू शकते, मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी ते पन्नाशी ओलांडते आणि पेनिट्रंट आत शिरण्याआधीच वाळतो. तेव्हा हिवाळ्यात दुपारी आणि उन्हाळ्यात सकाळी.

वेल्डच्या लांब ओळींना मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी जास्त भरवशाची. यात योक नावाच्या दोन पायांच्या विद्युतचुंबकाने पोलाद चुंबकित करतात आणि भेगेवर लोखंडी पूड गोळा होते. एसी योक असेल तर ते जास्तीत जास्त फाकवलेल्या पायांवर किमान ४.५ किलोचा लोखंडी ठोकळा उचलू शकते का, हे काम सुरू करण्यापूर्वी तपासावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. योक प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकमेकांशी काटकोनात फिरवावे. चुंबकरेषांना समांतर असलेली भेग दिसत नाही. हुकाचा शँक (वरचा दांडा) आणि जाड पिना यांना अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची चाचणी.

चाचणी झाली की झोळ मोजायचा. याची पद्धत सोपी आहे, पण निम्म्या अहवालांत एकच आकडा सापडतो, आणि तो कोणत्या अवस्थेचा हे लिहिलेले नसते. ट्रॉली एका टोकाला नेऊन, रिकाम्या हुकाने गर्डरच्या मध्याची उंची लेव्हलने किंवा जमिनीवर पक्क्या ठेवलेल्या लेसर मीटरने घ्यायची. मग पूर्ण क्षमतेचे ओझे मध्यावर आणून जमिनीपासून १०० मिमी उचलायचे, दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा उंची घ्यायची. ओझे टेकवून, ट्रॉली परत टोकाला नेऊन तिसऱ्यांदा. पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक म्हणजे झोळ. २० मीटर स्पॅनला, स्पॅनच्या १/७५० या सर्वसाधारण मर्यादेने, तो २६ मिमीच्या आसपास थांबायला हवा. पण लक्ष द्यायचे ते पहिल्या आणि तिसऱ्या मापाकडे. ती दोन्ही जुळत नसतील तर गर्डर कायमचा वाकतो आहे. ओझे वजनकाट्याची पावती असलेले हवे. 'ही कॉइल साधारण नऊ टनांची असेल' यावर चाचणी होत नाही.

झोळ मर्यादेत आला म्हणून तडा नाही, असे समजू नये. वीस मीटर गर्डरमधल्या चाळीस मिलिमीटरच्या तड्याने ताठरपणा इतका कमी बदलतो की लेसर मीटरला तो दिसतच नाही. ओझ्याची चाचणी आणि तड्याची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीचे काम होत नाही. काही ठिकाणी दर वर्षी हौसेने १२५ टक्के ओझे लावतात. ते नव्या क्रेनला किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर लावायचे असते. दर वर्षी लावून काही नवे कळत नाही, आणि थकलेल्या जोडाला एक फटका वाढतो.

तडा सापडला की पुढचा धोका दुरुस्तीत असतो. तड्यावर वरून वेल्डचा एक रन मारून, घासून, रंग देऊन क्रेन चालू करणे म्हणजे तडा झाकणे. आधी पेनिट्रंटने तड्याची दोन्ही टोके नक्की करायची आणि टोकांच्या थोडे पुढे ड्रिलने भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग तडा मुळापर्यंत गाउज करून, म्हणजे कोरून, काढायचा, खोबणीत पुन्हा पेनिट्रंट मारून तो पूर्ण निघाला याची खात्री करायची, आणि ओव्हनमध्ये वाळवलेल्या ७०१८ इलेक्ट्रोडने भरायचा. पाकीट फोडून आठवडाभर शॉपमध्ये पडलेले इलेक्ट्रोड पावसाळ्यात ओल धरतात, मग त्यातल्या हायड्रोजनने वेल्डशेजारी नवा तडा येतो. वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जागेला लागूनच हवी. ती दूर खांबाला लावली तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून आणि रोपमधून जातो. हुकावर लटकलेल्या जॉबवर वेल्डिंग करताना रोपच्या तारा जळतात त्या याच कारणाने. दुरुस्तीनंतर वेल्ड थंड झाल्यावर पुन्हा चाचणी, आणि महिन्याभराने आणखी एकदा. तडा तिथेच का आला हे शोधले नाही, म्हणजे रूळ सरकलेला आहे की ओझे जास्त आहे की ब्रेक झटका देतो आहे हे पाहिले नाही, तर तो शेजारी पुन्हा येतो. हुकाला मात्र वेल्ड नाहीच, तापवून सरळ करणेही नाही. तोंड मूळ मापापेक्षा वाढले, बूड झिजले, दोन्हींना उत्पादकाने दिलेली मर्यादा बहुधा ५ ते १० टक्क्यांची असते, ती ओलांडली की हूक भंगारात, तोही गॅसने दोन तुकडे करून. नाहीतर तो दुसऱ्या शेडमध्ये उगवतो.

नोंदीबद्दल. 'सांगाडा: समाधानकारक' ही ओळ वाचून पुढच्या वर्षीच्या माणसाला काहीच कळत नाही. नोंद अशी हवी: 'क्रेन ३, उत्तर गर्डर, पूर्व टोक, एंड कॅरेजच्या वरच्या प्लेटचा फिलेट वेल्ड, आतल्या कोपऱ्यापासून १२० मिमीवर तडा, लांबी ३२ मिमी, टोके पंचने खुणावली, फोटो ७.' तीन महिन्यांनी तिथे ३२चे ४१ झाले की निर्णय घ्यायला बैठक लागत नाही. गर्डरला उत्तर-दक्षिण आणि टोकांना पूर्व-पश्चिम अशी नावे रंगानेच लिहून टाकावीत, कारण 'डावीकडचा' म्हणजे कोणाचा डावीकडचा यावर पुढे वाद होतो. ठीक सापडलेल्या जागाही लिहाव्यात, म्हणजे काय पाहिले नाही हे उघडे पडते.

वेळेचा अंदाज द्यायचा तर २० टनी, २० मीटर स्पॅनच्या क्रेनला, साफसफाई आधी झालेली असेल तर, दोन माणसे आणि एक बूम लिफ्ट यांना एक पूर्ण पाळी लागते. त्यात झोळ मोजणे धरले आहे, गँट्री धरलेली नाही. तिला बेच्या लांबीप्रमाणे आणखी अर्धा ते एक दिवस. बारा क्रेन असलेल्या कारखान्याने दिवाळीत हे करायचे म्हटले तर होणारच नाही. पण महिन्याला एक क्रेन घेतली, प्रत्येकीच्या प्रमाणपत्राची तारीख वेगळ्या महिन्यात सरकवली आणि उत्पादन आराखड्यात ती एक पाळी आधीच 'व्यापलेली' दाखवली, तर वर्षभरात सगळ्या होतात. तारीख पुढे ढकलता येत नाही, अलीकडे आणता येते, म्हणून पहिल्या वर्षी काही क्रेनची तपासणी लवकर करून घ्यावी लागेल. तो खर्च एकदाचाच.

लहान कारखान्यांची अडचण खरी आहे. एक-दोन क्रेनसाठी बूम लिफ्ट भाड्याने आणणे आणि चाचणीचा माणूस बोलावणे त्यांना जड जाते. इथे निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांना करण्यासारखे आहे: वसाहतीतल्या एकेका गल्लीचे आठवडे ठरवून एकच लिफ्ट आणि एकच चाचणी पथक फिरवणे, म्हणजे आणण्या-नेण्याचा खर्च दहा जणांत वाटला जाईल. मुसळगावची सहकारी वसाहत तर यासाठी सोयीची आहे, शेड लागून आहेत आणि क्रेन बहुतेक एकाच जातीच्या. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने भेटीच्या वेळी प्रमाणपत्राबरोबर तड्यांची नोंदवही आणि बूम लिफ्टच्या गेटपासची तारीख एवढे दोनच कागद मागितले, तरी क्रेनवर खरोखर कोणी चढले होते की नाही हे पाच मिनिटांत कळेल.

यंदाच्या दिवाळीला जे आहे ते आहे. निदान पहिल्या गटातली एक क्रेन निवडून तिच्या चारही एंड कॅरेज जोडांजवळचा रंग ५० मिमी खरवडून पाहावा. एका क्रेनला सकाळचे चार तास पुरतात.

आपले,
अवजड क्रेनच्या देखभालीत काम करणारे काही जण
सातपूर-अंबड, नाशिक